चंद्रावरचा लाव्हा ओळखायचा कसा? गच्चीवरून सुरुवात करणाऱ्यांसाठी

टेलिस्कोपला पहिल्यांदा डोळा लावणारा माणूस चंद्रावरचे गोल खड्डे पाहतो आणि हमखास म्हणतो, "केवढे ज्वालामुखी!" मीही तेच म्हणाले होते. जवळजवळ वर्षभर माझ्या वहीत कोपर्निकस विवराच्या चित्राखाली 'ज्वालामुखीचं मुख' असं लिहिलेलं होतं. शेजारच्या काळसर, सपाट भागाकडे मात्र मी 'इथे काही नाही' म्हणून पाहतसुद्धा नव्हते. प्रत्यक्षात गोष्ट नेमकी उलट आहे. कोपर्निकस हे आघातानं झालेलं विवर आहे आणि तो काळा सपाट भाग म्हणजे गोठलेला लाव्हा.

ही एक चूक सुरुवातीलाच दुरुस्त झाली असती, तर माझं वर्ष वाचलं असतं. तुमचं वाचावं म्हणून हे लिहिते आहे. चंद्रापासून सुरू करू, कारण तिथलं स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. मग गुरूचा चंद्र आयो याच्याकडे आणि पुढे जाऊ.

जवळ काय काय हवं

- 10×50 चा बायनॉक्युलर. टेलिस्कोप घ्यायची घाई नसेल तर पहिले दोन-तीन महिने एवढ्यावर मजेत जातात.
- टेलिस्कोप घेणारच असाल तर 4 ते 6 इंच व्यासाचा. खोक्यावर '675 पट' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असेल तर तो ठेवून द्या. साधारण 114 मिलिमीटरच्या आरशाला 200 पटीच्या पुढे चित्र फक्त मोठं आणि धूसर होतं.
- दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायच्या टोकाला बसणारी भिंगं. टेलिस्कोपचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर म्हणजे किती पट दिसेल ते. 900 मिलिमीटरच्या नळीला 9 मिलिमीटरचा आयपीस लावला की 100 पट. चंद्राचं बहुतेक काम याच पट्टीत होतं.
- तिथी दिलेली दिनदर्शिका. स्वयंपाकघरात टांगलेली चालेल.
- कोऱ्या पानांची वही, पेन्सिल, खोडरबर.
- चंद्राचा नकाशा. 'व्हर्च्युअल मून अ‍ॅटलस' हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. नासाच्या लूनर रिकनिसन्स ऑर्बिटरच्या चित्रांवरचा 'क्विकमॅप' ब्राउझरमध्येच उघडतो.
- काळ्या दगडाचा एक तुकडा. याचं काम लगेच पहिल्या पायरीवर आहे.

1. आधी पायाखालचा दगड पाहा

महाराष्ट्रात राहणाऱ्याला ही सोय फुकट मिळालेली आहे. सह्याद्रीच्या कुठल्याही कड्याकडे लांबून पाहिलं तर आडवे थर दिसतात, एकावर एक रचल्यासारखे. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एक प्रवाह किंवा प्रवाहांचा गट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा बाहेर आला. आज उरलेला त्याचा पसारा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे.

आता गडावर उभं राहून कुणी विचारतं, "मग तो ज्वालामुखी कुठाय?" टोकदार, शेंड्यातून धूर निघणारा डोंगर शोधत असाल तर तो सापडणार नाही. दख्खनचा बराचसा लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला आणि पसरत गेला. शंकू उभा राहिला नाही, पठार झालं. चंद्रावरही असंच घडलं. तिथला लाव्हा तर गाडीच्या इंजिन ऑइलइतका पातळ होता. तो आधीच तयार असलेल्या आघाताच्या प्रचंड खोलगटांमध्ये भरत गेला आणि सपाट झाला. जुन्या लोकांना ते समुद्र वाटले, म्हणून त्यांना लॅटिनमध्ये 'मेअर', म्हणजे समुद्र, हे नाव पडलं. चंद्राच्या पृष्ठभागाचा साधारण एक षष्ठांश भाग अशा लाव्हानं झाकलेला आहे. त्यातला बहुतेक भाग आपल्याकडच्या बाजूला आहे, आणि बहुतेकाचं वय 3 अब्ज वर्षांच्या पुढे आहे.

दगडाचा तुकडा हातात घ्या. त्यात लहान लहान पोकळ्या असतील तर उत्तमच. वितळलेल्या खडकातला वायू बाहेर पडता पडता लाव्हा गोठला, त्याचे ते बुडबुडे. आपल्याकडे या पोकळ्या पुष्कळदा पांढऱ्या, गुलाबी स्फटिकांनी भरलेल्या असतात. विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत हे स्फटिक निघतात. ती स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांसारखी झिओलाइट गटातली खनिजं. ती तयार व्हायला पाणी लागतं.

असाच बुडबुड्यांचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा गोठून झालेला काळा दगड, चंद्रावरही मिळाला. 1971 मध्ये अपोलो 15 चे कमांडर डेव्हिड स्कॉट रोव्हरमधून, म्हणजे चंद्रावर चालवायच्या गाडीतून, तळाकडे परतत असताना त्यांना वाटेत तो दिसला. वेळ संपत आली होती आणि मध्ये थांबायला परवानगी मिळाली नसती. त्यांनी सीटबेल्ट नीट करायचा आहे असं सांगून रोव्हर थांबवली, उतरले आणि दगड उचलला. त्याचा क्रमांक 15016, वजन सुमारे 900 ग्रॅम. त्याचा फोटो शोधा आणि आपल्या तुकड्याशेजारी ठेवून पाहा. फरक चटकन दिसेल. चंद्रावरच्या दगडाच्या पोकळ्या रिकाम्या आहेत, त्यांत भरायला पाणीच नव्हतं. आपल्या घाटात दोन प्रवाहांच्या मध्ये जो तांबड्या मातीचा पट्टा दिसतो तोही तिथे नाही, कारण दगड कुजवायला ना हवा ना पाऊस.

2. तिथी पाहून बसा, पौर्णिमेला नव्हे

नवख्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते. चंद्र पूर्ण असेल तेव्हा सगळं नीट दिसेल असं वाटतं. पण पौर्णिमेला तिथे डोक्यावरून उजेड पडतो आणि सावल्या नाहीशा होतात. उंच-सखल काही कळत नाही.

पाहायचं ते उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेलगत. तिथे नुकतीच सकाळ झालेली असते, सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो आणि काहीशे मीटरच्या उंचवट्याचीही लांब सावली पडते. ही रेषा रोज साधारण 12 अंश पश्चिमेकडे सरकते. एक तिथीही चंद्र-सूर्यातल्या 12 अंशांच्या अंतराचीच असते. म्हणून तिथी कळली की रेषा कुठे आहे ते कळतं. यासाठी दिनदर्शिकेइतकं सोपं साधन मला दुसरं माहीत नाही.

एक सावधगिरी मात्र ठेवा. दिनदर्शिकेत छापलेली तिथी सूर्योदयाची असते. ती दुपारी दोनला संपत असेल तर रात्री गच्चीवर तुम्हाला पुढची तिथी मिळेल. समाप्तीची वेळ बारीक अक्षरात दिलेली असते, ती वाचायची सवय लावा.

ऋतूचंही सांगून ठेवते. पावसाळ्याचे चार महिने धरायचेच नाहीत. फाल्गुन-चैत्रातला शुक्ल पक्षातला अर्धचंद्र संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा हवेचा जाड थर आड येत नाही. भाद्रपद-आश्विनात तोच चंद्र दक्षिणेला खाली राहतो आणि चित्र थरथरतं.

पौर्णिमा अगदीच वाया जात नाही. त्या रात्री बायनॉक्युलरनं समुद्रांच्या रंगांतला फरक पाहा. मेअर ट्रँक्विलिटॅटिस जास्त काळं, किंचित निळसर दिसतं. शेजारचं मेअर सेरेनिटॅटिस मधोमध फिकट. पहिल्याच्या लाव्हात टायटॅनियम जास्त आहे. दोन वेगळ्या काळांतले, वेगळ्या घडणीचे लाव्हा एकमेकांना भिडलेले तुम्ही साध्या बायनॉक्युलरनं पाहता आहात.

3. टेलिस्कोप लावताना

नळी अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवा. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हावा लागतो. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि चंद्र उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा हलतो. शक्य असेल तर खाली मातीवर किंवा हिरवळीवर बसा.

दुसरं, आरशाच्या टेलिस्कोपमध्ये चित्र उलटं दिसतं. भिंगाच्या टेलिस्कोपला काटकोनी डायगोनल (उजेड वळवणारा छोटा आरसा) लावलेला असेल तर वर-खाली बरोबर, पण डावं-उजवं उलट. नकाशा आणि चित्र जुळत नाही म्हणून पुष्कळ जण पहिल्या आठवड्यातच कंटाळतात. व्हर्च्युअल मून अ‍ॅटलसमध्ये नकाशा आपल्या टेलिस्कोपप्रमाणे फिरवता येतो. ते आधी करून घ्या.

4. कोणत्या तिथीला काय पाहायचं

शुक्ल षष्ठी: मेअर सेरेनिटॅटिसच्या पूर्व भागात एक नागमोडी उंचवटा उत्तर-दक्षिण गेलेला दिसेल. ही 'सर्पंटाइन रिज'. थंड होणारा लाव्हाचा जाड थर स्वतःच्या भारानं खचला आणि आवळला गेला, त्याची ही सुरकुती. गार होणाऱ्या दुधावरच्या सायीला पडते तशी. लाव्हाच्या मैदानाची ही पहिली पक्की खूण, आणि लहान टेलिस्कोपलाही सहज दिसते.

अष्टमी: अपेनाइन पर्वतरांगेच्या पायथ्याशी हॅडली रिल. अपोलो 15 याच्याच काठावर उतरलं होतं. लाव्हा वाहून कोरला गेलेला हा नागमोडी चर साधारण दीड किलोमीटर रुंद आणि 300 मीटर खोल आहे. याला 6 इंची टेलिस्कोप आणि स्थिर हवा लागते, पहिल्या खेपेला नाही दिसला तर नाउमेद होऊ नका. स्कॉट आणि त्यांचे सहकारी जेम्स आयर्विन यांनी चराच्या पलीकडच्या भिंतीत खडकाचे आडवे थर पाहिले आणि टेलिफोटो लेन्सनं टिपले. ते फोटो पाहताना घाटातला कडा आठवल्यावाचून राहत नाही.

नवमी: मेअर नूबियममध्ये 'स्ट्रेट वॉल', एक सरळ काळी रेघ, सुमारे 110 किलोमीटर लांब. ही भिंत नव्हे. लाव्हाचं मैदान भेगेवर तुटून एक बाजू खाली सरकली, तो हा प्रस्तरभंग. सावलीमुळे सरळसोट कडा वाटतो, पण उतार बराच सौम्य आहे. कृष्ण पक्षात उजेड दुसऱ्या बाजूनं आला की हीच रेघ पांढरी होते.

दशमी-एकादशी: आता खरी परीक्षा. कोपर्निकसच्या पश्चिमेला हॉर्टेन्शियस नावाचं छोटं विवर आहे. त्याच्या उत्तरेला सहा गोल, बुटक्या टेकड्यांचा पुंजका आहे. हे खरेखुरे ज्वालामुखी. पुष्कळांच्या माथ्यावर बारीकसा खड्डासुद्धा आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं कुणी भाताची मूद दाबून ठेवली आहे.

हे काही तासच नीट दिसतात. समजा, अशा टेकडीचा पाया 8 किलोमीटर आणि उंची 300 मीटर आहे. मग 4 किलोमीटर चालताना 300 मीटर चढ, म्हणजे साधारण 4 अंश, घाटातल्या डांबरी रस्त्याइतकाच. चंद्रावर सूर्य तासाला अर्धा अंश वर येतो. तो 4-5 अंशांच्या वर गेला की सावली संपते, आणि दुसऱ्या रात्री तिथे फक्त सपाट मैदान उरतं. 'काल होतं, आज नाही' असं झालं तर डोळ्यांवर संशय घेऊ नका.

त्रयोदशी: पश्चिमेकडे अ‍ॅरिस्टार्कस या लख्ख विवराजवळ श्रोटर्स व्हॅली, चंद्रावरची सर्वांत मोठी नागमोडी लाव्हादरी, सुमारे 160 किलोमीटर लांब. तिच्या उगमाला 'कोब्राज हेड' म्हणतात. नागाच्या फण्यासारखा फुगलेला भाग अगदी ओळखू येतो. तिथून दक्षिणेला मारियस हिल्समध्ये टेकड्यांचा मोठा जमाव आहे. याच भागात जपानच्या कागुया यानाच्या चित्रांत एक खोल भोक सापडलं, 2009 मध्ये. लाव्हाची पोकळ नळी असावी आणि तिचं छत कोसळलं असावं, असा त्याचा अर्थ लावतात. भोक टेलिस्कोपनं दिसणार नाही, जागा मात्र पाहून ठेवा.

5. आघात की ज्वालामुखी?

गोल खड्डा दिसला की घाई करू नका. या गोष्टी पाहा: तळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल आहे का? मध्ये डोंगर आहे का? भिंती पायऱ्यापायऱ्यांनी आत ढासळल्या आहेत का? बाहेर चारी दिशांना पांढरे पट्टे फेकले गेले आहेत का? कोपर्निकसमध्ये हे सगळं आहे: 93 किलोमीटर व्यास, पावणेचार किलोमीटरच्या आसपास खोली, मध्ये शिखरं, बाहेर किरणांसारखे पट्टे. ही आघाताची लक्षणं. ज्वालामुखीचं मुख बहुतेकदा उंचवट्याच्या माथ्यावर असतं, ओबडधोबड असतं आणि त्याच्याभोवती असे पट्टे नसतात.

या चुकीची लाज वाटून घेऊ नका, चांगल्या चांगल्या भूवैज्ञानिकांत यावर दीर्घकाळ वाद होता. आपलं लोणार घ्या. 1.8 किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, तोही लाव्हाच्या दगडात, म्हणजे ज्वालामुखीच असणार असं बरीच वर्षं मानलं गेलं. 1970 च्या दशकात तिथल्या खडकांत मास्केलिनाइट सापडलं, जबर धक्क्यानं फेल्डस्पार या खनिजाची झालेली काच. लाव्हा कितीही उसळला तरी एवढा दाब निर्माण होत नाही. बेसॉल्टवरच्या आघाताचा अभ्यास करायला पृथ्वीवर लोणारसारख्या जागा फार थोड्या आहेत, म्हणून चंद्र आणि मंगळाचे अभ्यासक तिथे येतात. जमलं तर एकदा काठावर उभं राहून पाहा. फोटोत त्या कड्याची उंची कळत नाही.

6. घरी बसून पडताळा

रात्री जे पाहिलं ते दुसऱ्या दिवशी क्विकमॅपवर उघडा. त्यात दोन बिंदूंमध्ये रेघ ओढली की उंचीचा आलेख मिळतो. हॉर्टेन्शियसच्या टेकडीवरून रेघ ओढा, उतार काढा आणि वर दिलेल्या हिशोबाशी ताडून पाहा. इस्रोच्या चांद्रयानांची माहिती 'प्रदान' या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळते. पण त्या फाइल मोठ्या असतात आणि उघडायला वेगळी सॉफ्टवेअर लागतात. पहिल्या महिन्यात त्यात शिरू नका.

यानांची चित्रं पाहताना एक भ्रम सगळ्यांना होतो: खड्डा टेकडी वाटतो आणि टेकडी खड्डा. आपला मेंदू उजेड वरून येतो असं धरून चालतो. चित्रात तो खालून आला असेल तर सगळं उलटतं. म्हणून चित्र उघडल्याबरोबर आधी उजेडाची दिशा ठरवा आणि वहीत बाण काढा. तरीही उलटंच दिसत असेल तर चित्र 180 अंशांत फिरवा.

7. आता आयो

चंद्रावरचं सगळं थंड झालेलं आहे. आत्ता, या क्षणी धगधगणारं जग पाहायचं तर गुरूकडे वळा. चार मोठ्या चंद्रांपैकी सर्वांत आतला आयो. तुमच्या टेलिस्कोपमध्ये तो फक्त ठिपका आहे, पण त्या ठिपक्यावर 400 हून जास्त जिवंत ज्वालामुखी आहेत.

आकारानं तो आपल्या चंद्रापेक्षा थोडाच मोठा. मग तो अजून गरम कसा? हे तुम्ही स्वतःच्या वहीतून शोधू शकता. महिनाभर चारही चंद्रांच्या जागा टिपा. आयोच्या चार प्रदक्षिणा होतात तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक होते. या ठरलेल्या तालामुळे आयोची कक्षा कधीच पूर्ण गोल होत नाही. तो गुरूच्या जवळ-दूर होत राहतो, गुरूच्या ओढीनं सतत मळला जातो आणि घर्षणानं आतून तापतो. स्टँटन पील, पॅट्रिक कॅसन आणि रे रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनी हे गणितानं मांडलं. त्यांचा लेख 2 मार्च 1979 ला छापून आला, आणि 5 मार्चला व्हॉयेजर 1 हे यान आयोजवळून गेलं. 9 मार्चला लिंडा मोराबिटो या अभियंता यानाचा मार्ग तपासण्यासाठी एका चित्रात मागचे तारे शोधत होत्या. त्यांना आयोच्या कडेला छत्रीसारखा ढग दिसला. पृथ्वीबाहेर चालू असलेला ज्वालामुखी माणसानं पाहिला तो तेव्हा पहिल्यांदा.

जूनो यान 30 डिसेंबर 2023 आणि 3 फेब्रुवारी 2024 ला आयोपासून सुमारे 1,500 किलोमीटरवरून गेलं. त्याच्या जूनोकॅमची कच्ची चित्रं मोहिमेच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुली आहेत. ती उतरवून स्वतः रंग आणि उजेड नीट करता येतात. फक्त कुणी भडक केलेलं चित्र पाहून 'हा लाल भाग म्हणजे तप्त लाव्हा' असं लिहू नका. आयोवरचे पिवळे-लाल रंग मुख्यतः गंधकाचे आहेत. उष्णता दिसते ती अवरक्त (इन्फ्रारेड) चित्रांत.

8. शुक्र, मंगळ आणि बर्फाचे चंद्र

इथे आपला टेलिस्कोप उपयोगाचा नाही, सगळं यानांच्या चित्रांवर. शुक्राची नारिंगी चित्रं रडारनं घेतलेली आहेत. त्यात उजळ म्हणजे बहुधा खडबडीत, उजेडाचा संबंध नाही. त्रिमितीय चित्रांत डोंगरांची उंची कित्येक पटींनी ताणलेली असते, म्हणून खालची ओळ वाचल्याशिवाय उंचीबद्दल बोलू नये. 2023 मध्ये रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्सली या शास्त्रज्ञांनी शुक्राभोवती फिरलेल्या मॅगेलन यानाच्या 1991 च्या जुन्या चित्रांत माट मॉन्स या ज्वालामुखीजवळचं एक मुख आठ महिन्यांत 2.2 वरून सुमारे 4 चौरस किलोमीटर झाल्याचं दाखवलं. दोन्ही चित्रं वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली होती. त्यामुळे हा फरक केवळ कोनाचा नाही हे त्यांना आधी मॉडेल करून तपासावं लागलं. आपण षष्ठी-नवमीला जे शिकतो तेच काम, मोठ्या प्रमाणावर.

मंगळावरच्या ऑलिंपस मॉन्स या ज्वालामुखीची उंची सुमारे 22 किलोमीटर आणि पाया 600 किलोमीटर. मंगळाचं कवच पृथ्वीसारखं सरकत नाही, त्यामुळे लाव्हा एकाच जागी साचत राहिला. शनीच्या एन्सेलाडस या बर्फाळ चंद्रावर दक्षिण ध्रुवाजवळच्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उडतात, हे कॅसिनी यानानं 2005 मध्ये दाखवलं. तिथे वितळलेल्या खडकाची जागा पाण्यानं घेतली आहे, पण आतली उष्णता बाहेर पडण्याची गोष्ट तीच.

9. वहीत काय लिहायचं

प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, तिथी, किती पट, हवा किती स्थिर आणि उजेडाचा बाण. चित्र काढाच, कितीही वाकडं आलं तरी. फोटोत जे सुटतं ते पेन्सिल हातात असताना दिसतं. खात्री नसेल तिथे नावापुढे प्रश्नचिन्ह टाका.

ते प्रश्नचिन्ह पुसायला पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. चांद्रमास 29.53 दिवसांचा असल्यामुळे तोच उजेड पुढच्या महिन्यात बारा-तेरा तास पुढे सरकतो. रात्री आठला पाहिलेलं सकाळी आठ-नऊला येतं, तेव्हा चंद्र आपल्या आकाशात नसतो. दोन महिने थांबा. 59 दिवसांनी तीच सावली तासा-दीड तासाच्या फरकानं तिथेच पडलेली असते. दिनदर्शिकेत आजच्या तारखेपासून 59 दिवस मोजून त्या चौकोनात विवराचं नाव लिहून ठेवा.